मांडणी व्हायच्या आधी

रविवार, २५ जून १९३३, आषाढ शुद्ध द्वितीया. जागा: वकिलांची पडवी. हजर: स्वतः वकील, पेन्शनीत निघालेले हेडमास्तर, वैद्यबुवा आणि मी. गैरहजर: पोस्टमास्तर, बदली होऊन गेले ते कायमचे. चहा दोनदा. मारलेली मोहरी: एकही नाही.

हजेरी मांडण्याचे काम आमच्या बुद्धिबळाच्या मंडळाने माझ्याकडे दिले होते. मारलेल्या मोहऱ्यांचा रकाना मी माझ्या हौसेने वाढवला. तो बहुतेक रविवारी कोराच राही. मोहरी ठेवण्यासाठी पटाच्या दोन्ही बाजूंना पितळेची तबके असत, आणि त्यांत सुपारीची खांडेच जास्त पडत.

माझा धंदा आंब्याच्या पेट्या मुंबईला लावण्याचा. पावसाळ्यात बंदर बंद झाले की नारळी पौर्णिमेपर्यंत आगबोट फिरकत नाही आणि माझ्यासारख्या माणसाला हात चोळीत बसावे लागते. मागच्या पावसाळ्यात, वयाच्या पंचेचाळिशीला, मी या पडवीवर बुद्धिबळ शिकलो. शिकलो म्हणजे कोणता मोहरा कसा चालतो ते कळले. पुढचे शिकवायला मंडळात तीन विद्वान होते आणि त्या तिघांनी मला मिळून एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे थांबणे.

आमच्याकडे देशी बुद्धिबळ चालायचे. त्यात प्यादे पहिल्यांदाही एकच घर पुढे जाते, त्यामुळे डाव मुळातच बैलगाडीच्या चालीने निघतो. त्यावर मंडळाची स्वतःची एक रीत होती. दोघांनीही आपापली मोहरी पटाच्या आपल्याच अर्ध्या भागात नीट रचून घ्यायची. या रचनेला मांडणी म्हणत. आपली मांडणी पुरी झाली की तसे तोंडाने सांगायचे, दुसऱ्यानेही सांगायचे, आणि मगच मधली रेघ ओलांडून मारामारीला लागायचे. मास्तर मांडणीला पाऊण तास घेत. प्रत्येक प्याद्यामागे दुसरे प्यादे, त्यामागे घोडा, घोड्याला उंटाचा जोर. सगळे एकमेकांना असे घट्ट धरून बसत, जसे जत्रेत हरवू नये म्हणून पोरांनी एकमेकांचे सदरे धरावेत. मग मारामारी म्हणून जे काही होई ते जेवणाची हाक येईपर्यंत संपत नसे. हाक आली की बरोबरी. सगळे आनंदाने घरी.

त्या रविवारी वकिलांनी बातमी सांगितली. खालच्या आळीतले जे चाकरमानी मुंबईला कचेऱ्यांतून कामाला आहेत, त्यांनी निरोप धाडला होता. गणपतीला येऊ तेव्हा आपल्या दोन आळ्यांचा सामना होऊन जाऊ दे. चार पट, आणि विलायती पद्धत. आम्ही वरच्या आळीचे. वकील, मास्तर आणि वैद्यबुवा हे तीन पट ठरलेलेच. चौथा पोस्टमास्तरांचा, तो रिकामा.

तो पट मला द्यावा असे मी म्हटले.

वकील हसले. अपमान करण्याच्या इराद्याने हसले असे म्हणवत नाही. हजेरी लिहिणाऱ्याने अचानक गाणे म्हणायला घ्यावे तसे त्यांना वाटले असावे. ते म्हणाले, "पेटीवाले, तुम्हाला पट पाहिजे तर मास्तरांवर एक डाव जिंकून दाखवा. नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत. नाहीतर माझा गुहागरचा मेहुणा आहेच."

मेहुण्याची मांडणी कशी देखणी असते यावर मग अर्धा तास चर्चा झाली. कोणाचा डाव कसा संपला हे कोणालाच आठवत नव्हते. मांडण्या मात्र तोंडपाठ.

मला तो पट हवा होता, आणि का ते सरळ सांगतो. वर्षभर मी त्या पडवीवर पाने लावली, हजेऱ्या लिहिल्या, कोणाची पाळी कधी ते लक्षात ठेवले. मला खेळणारा म्हणून बसायचे होते. सामना हे फक्त निमित्त. सामन्याच्या दिवशी चौथ्या पटावर बसलो नसतो, तर जन्मभर दौतीजवळच बसलो असतो.

मास्तरांनी मोठ्या उदारपणे मला आपली मांडणी शिकवायला घेतली. नवशिक्याने आधी बंदोबस्त शिकावा, मार आपोआप येतो, असे त्यांचे मत. आपोआप येणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पेटीत आंबा आपोआप भरला जात नाही. मांडणीतून मी इतकेच शिकलो की दोन तास बसून काहीही न घडवता कसे दमावे. तीच ती वीस घरे, तेच ते जोर. समोरच्याचा मार कुठून येतो ते दिसायला तो कधीतरी यावा तर लागतो.

उन्हाळ्यात दलालाशी बोलणी करायला मुंबईला गेलो होतो तेव्हा पदपथावरून एक पातळसे इंग्रजी पुस्तक आणले होते, विलायती बुद्धिबळाच्या सुरुवातींचे. ते आता बाहेर काढले. पुस्तक लिहिणारा कोण होता देव जाणे, पण त्याने सगळ्या सुरुवाती सारख्याच प्रेमाने सांगितल्या होत्या, आणि नवशिक्याने कोणती घ्यावी याबद्दल चकार शब्द नाही. हेही आमच्या मास्तरांसारखेच. म्हणून मी प्रत्येक सुरुवात एकटाच दोन्ही बाजूंनी खेळून पाहिली. एकच प्रश्न विचारायचा: यात मोहरी एकमेकांना लवकर भिडतात का? ज्या सुरुवातीत प्यादी गुंतून पट बंद होतो ती बाद. ज्यात मध्यातली प्यादी लवकर उडतात आणि उंट-हत्तींना रस्ते मोकळे होतात ती ठेवायची. सुरुवात उत्तम असण्याशी मला कर्तव्य नव्हते. मला रोज मार खायला आणि द्यायला मिळाला पाहिजे, एवढेच.

गाळून दोन उरल्या. पहिलीत राजापुढचे प्यादे दोन घरे, मग घोडा बाहेर, मग उंट असा काढायचा की तो समोरच्या राजाशेजारच्या उंटापुढील प्याद्यावर रोखलेला राहील. त्या प्याद्याला एकट्या राजाचा जोर असतो, आणि राजा हा काही भरवशाचा पहारेकरी नव्हे. दुसरी याच चालीची, पण तिच्यात मध्यातले एक प्यादे फुकट देऊन टाकायचे आणि समोरचा ते गिळीत बसतो तोवर आपली मोहरी बाहेर काढून घ्यायची.

घरी हे प्यादे रोज फुकट जाताना पाहून आमच्या मंडळींनी एकदा विचारले, "अहो, गिऱ्हाइकाला आंबा चाखायला देताना तुमचा हात थरथरतो, आणि इथे रोज प्यादं देता ते?"

मी म्हटले, चाखल्यावर गिऱ्हाईक पेटी घेते. त्या म्हणाल्या, मग घेतली का कोणी?

कोणी घेत नव्हते. शेजारच्या वाडीतले दोन-तीन खेळणारे मी संध्याकाळी बोलावीत असे आणि त्यांच्याकडून नियमाने हरत असे. पण कशाने हरलो ते दर वेळी लिहून ठेवी, आणि आठ-दहा दिवसांत चित्र स्पष्ट झाले. हरण्याची कारणे फार नसतात. मोहरा बिनजोर सोडला. एका घोड्याने दोघांना एकदम धरले. राजावरचा मार अडवून उभा असलेला मोहरा हलवता येत नाही हे विसरलो. एक मोहरा बाजूला झाला आणि त्याच्या मागून शह आला. बहुतेक सगळे हरणे या चारांतच बसते. मांडणी करून हे चार मला दहा वर्षांत दिसले नसते, कारण तिथे काही मोकळे सुटतच नाही. इथे दर डावाला तीन तरी भेटत. श्रावण लागला तेव्हा मी ते चार दुसऱ्यांना दाखवू लागलो होतो.

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मास्तरांशी बसलो. सामना विलायती म्हणून डावही विलायती, हे वकिलांनीच ठरवले होते. पांढरी मोहरी माझी. मास्तरांनी सवयीप्रमाणे मांडणी सुरू केली. वजिराचे प्यादे एक घर, वजिराकडचा घोडा त्या प्याद्याच्या मागे वजिरापुढे, मग वजिराकडच्या कडेचे प्यादे एक घर. बोलत बोलत, पान जमवत, पटाकडे न बघता. मी माझा घोडा आणि उंट बाहेर काढून बसलो होतो.

मी उंटाने राजाशेजारचे ते प्यादे मारले आणि शह दिला. मास्तरांनी राजाने उंट उचलला, मी घोड्याने शह दिला, राजा मागे घरी गेला, आणि माझा घोडा पुढे जाऊन त्यांच्या वजिरावर उभा राहिला. वजिराला जायला एकही घर नव्हते. चहूबाजूंनी त्यांचीच मोहरी, सुरेख रचलेली.

मास्तरांनी वर पाहिले आणि ते वकिलांना म्हणाले, माझी मांडणी व्हायची होती.

यानंतर जे झाले ते मी कोर्टातही पाहिलेले नाही. वकिलांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. म्हणजे मास्तरांची पुरी आणि माझी अर्धी. मी म्हटले की विलायती नियमांत मांडणी नाही. त्यावर ते म्हणाले, "नियमांत नसेल. जेवणाच्या पानावर वाढून होईपर्यंत हात आवरावा, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? प्यादं दोन घरं चालतं, एवढं विलायती. सभ्यता इथलीच."

वैद्यबुवा हळूच म्हणाले, "पण वजीर मेलाय हो."

"वेळेआधी मेला," वकील म्हणाले. "धरायचा नाही."

डाव रद्द झाला. पेटीवाल्यांचे म्हणजे उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असेही कोणीतरी म्हणाले. मास्तर पुन्हा खेळायला तयार होते, पण त्यांना त्या दिवशी बरे वाटत नव्हते, पुढचा आठवडाभरही वाटले नाही, आणि पौर्णिमा उलटल्यावर मात्र ते ठणठणीत झाले. मुदत संपली. चौथा पट मेहुण्याच्या नावावर गेला आणि सामन्याच्या दिवशी पट झाडणे, पाहुण्यांना पन्हे देणे व निकाल लिहिणे ही कामे माझ्याकडे आली.

चाकरमानी आपणहून थांबतील का, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. वकिलांना तो प्रश्नच कळला नाही. खालच्या आळीची असली तरी आपल्याच गावची मुले, मुंबईला गेली म्हणून काय घरचे वळण विसरतात?

गौरी-गणपती पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी सामना झाला. पडवीवर चार पट. समोर चार चाकरमानी, सगळे तिशीच्या आतबाहेर, इस्त्रीचे सदरे, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार. वळणात काही कमी नव्हते. नमस्कार झाला आणि त्यांनी प्यादी दोन दोन घरे पुढे टाकली.

वकिलांनी तीन चाली मांडणी केली, चौथीला तपकीर ओढली. पाचव्या-सहाव्या चालीला समोरच्याच्या घोड्याने त्यांच्या मांडणीच्या ऐन मध्यातले प्यादे उचलले. वकील कोणा अशिलाला समजवावे तशा आवाजात म्हणाले, "अरे, मांडणी व्हायचीय."

तो मुलगा अदबीनेच म्हणाला, "काका, तुमची व्हायचीय. माझी झाली."

पलीकडच्या पटावर बसलेले मास्तर हे ऐकून हसले, आणि तेवढ्यात त्यांचाही हत्ती गेला.

मी निकाल लिहायला दौत उघडली होती. वकिलांचा डाव दुसरे पन्हे यायच्या आत आटोपला. मास्तरांनी शेवटपर्यंत एक हात वर धरून ठेवला होता, वर्ग गप्प करावा तसा, पण समोरच्याची मोहरी शाळेतली नव्हती. तेही गेले. वैद्यबुवा त्यांच्या स्वभावाप्रमाणे हळूहळू मरत होते.

मेहुण्याचा डाव अजून सुरूही झाला नव्हता, कारण ते गुहागरहून उशिरा आले होते आणि आल्यावर आधी हातपाय धुणे, मग चहा असे चालले होते. चहा घेता घेता त्यांनी दोन पट पाहिले. कप खाली ठेवला आणि म्हणाले, हा खेळ नव्हे, ही दरोडेखोरी, मी यात बसणार नाही. देखणी मांडणी घेऊन ते आल्या पावली आतल्या खोलीत गेले.

चौथ्या पटावरचा चाकरमानी नुसताच बसला होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय, आमचा पट फुकट धरायचा का?"

वकील काही बोलायच्या आत मी दौतीला बूच लावले आणि जाऊन बसलो. त्यांनी मला उठवले नाही. दोन पट हरलेल्या माणसाला कोणाला उठवण्याची हिंमत नसते.

मी माझे प्यादे फुकट दिले. त्याने घेतले. दुसरेही घेतले, कारण मुंबईला राहून माणूस हावरा होतो. तोवर माझे दोन्ही घोडे आणि दोन्ही उंट बाहेर होते, त्याचा राजा मात्र जागच्या जागी. पुढे माझा घोडा आत शिरला आणि त्या घोड्याने एकाच वेळी राजाला शह दिला आणि कोपऱ्यातला हत्ती धरला. हे घर मी शेजारच्या वाडीत इतक्या वेळा स्वतः भोगले होते की तिथे जाताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. हत्ती तबकात आला. आमच्या बाजूच्या तबकात त्या दिवशी सुपारीखेरीज पडलेली ती पहिली भरीव वस्तू. नंतर एक उंट, नंतर वजिराला वजीर. वैद्यबुवा आपला डाव हरून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मास्तर आले. वकीलही आले.

शेवटी त्याच्याकडे कोपऱ्यातला राजा आणि माझ्या मोहऱ्यासमोर अडून राहिलेले एक प्यादे एवढेच उरले. माझ्याजवळ हत्ती, राजा आणि प्यादे पलीकडच्या टोकाला नेऊन केलेला नवा वजीर. चार चालींची मात होती. मी वजीर आणखी जवळ नेला, नीट कोंडून मारावे म्हणून.

तो हसला आणि हात पुढे केला. "काका, जिच. बरोबरी."

त्याच्या राजाला शह नव्हता आणि हलायला घरही नव्हते. आमच्या पडवीवर जिच चालत नसे. समोरच्याला असे कोंडले तर कोंडणाऱ्याने चाल मागे घेऊन त्याला एक घर मोकळे करून द्यायचे, हा इथला नियम. विलायती पद्धतीत त्याची बरोबरी होते. ते पुस्तकात मी वाचले होते, खूणही केली होती. पण सुरुवाती निवडण्यात दोन महिने घालवलेल्या माणसाने शेवटच्या पानावर कितीसा वेळ दिलेला असणार? दुसऱ्यांच्या सवयींना हसताना माझा हात पडवीच्याच सवयीने चालला. अर्धा गुण. वरच्या आळीच्या खात्यावर चार पटांत मिळून तेवढाच.

पुढच्या रविवारी मंडळ बसले. हजर: सगळे, मेहुणा धरून. मला वाटले होते की आता मांडणी जाईल. वकिलांनी विषय काढला तो असा की आपला पराभव झालेला नाही, गैरसमज झालेला आहे. त्या मुलांना रीत माहीत नव्हती, आणि ती त्यांना आधी कळवणे ही आपली जबाबदारी होती. तेव्हा पुढच्या वर्षासाठी मुंबईला पत्र जावे. त्यात मांडणी म्हणजे काय, ती पुरी होईपर्यंत का थांबावे, हे सौम्य भाषेत लिहावे. मास्तरांनी 'सौम्य पण स्पष्ट' अशी दुरुस्ती सुचवली. ती एकमताने मान्य झाली.

मी चौथ्या पटाचे काय म्हणून विचारले.

वकील म्हणाले, "तो तुमचाच. अर्धा गुण आणलात, नाही कशाला म्हणू? खेळणाऱ्यांत तुमचं नाव घाला. आणि अक्षर तुमचं चांगलं आहे, तेव्हा ते पत्र तुम्हीच लिहा. नावाबरोबर काम आलंच."

मी नाव घातले. पत्र लिहितो म्हणालो.

त्याला पाच वर्षे होतील. दर गणपतीला सामना होतो, मी चौथ्या पटावर बसतो. दोनदा जिंकलो, बाकीच्या वेळी हरलो ते निदान मार खाऊन हरलो, वाट पाहत नव्हे. वैद्यबुवा तिसऱ्या वर्षी प्यादे फुकट देऊ लागले. वकील आणि मास्तर अजून मांडणी करतात, मध्यावर लुटले जातात आणि माझ्याकडे पाहतात. पत्र पोचले असते तर ही वेळ आली नसती, असे त्या पाहण्यात असते. पत्र गेले का, हे वकील आषाढात एकदा आणि श्रावणात दोनदा विचारतात. मसुदा चालू आहे, असे मी सांगतो. न लिहिले तर नाव काढतील, आणि लिहिले तर ज्या एका गोष्टीने मी खेळायला शिकलो तीच बंद करा असे माझ्या अक्षरात मुंबईला जाईल.

आगबोट परवापासून सुरू झाली. डाक उद्या दुपारी निघते. कागदावर तारीख घातली आहे, मायना लिहिला आहे, सर्वांना आशीर्वाद लिहिले आहेत. त्याखालचे अजून लिहायचे आहे.